‘औषध काही चालू नाही, फक्त दुखण्याची गोळी’

फॅमिली डॉक्टरने ‘सध्या कोणती औषधं चालू आहेत?’ असं विचारलं, की बीपीची गोळी सांगितली जाते, शुगरची सांगितली जाते, थायरॉइडची सांगितली जाते. गुडघ्यासाठी रोज रात्री घेतली जाणारी, डोकं ठणकलं की घेतली जाणारी, पाळीच्या दिवसांत घेतली जाणारी गोळी मात्र या यादीत येत नाही. कुणी ती मुद्दाम लपवत नाही. ती औषध आहे असं वाटतच नाही, कारण तिला चिठ्ठी लागत नाही आणि ती घरात कायम पडलेली असते. म्हणून डॉक्टरने प्रश्न वेगळा विचारायला हवा: दुखलं की काय घेता? गेल्या सात दिवसांत किती घेतल्या? क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) अचानक का वाढलं, दोन गोळ्या चालू असूनही बीपी का उतरत नाही, हिमोग्लोबिन हळूहळू का घसरतंय, याचा उलगडा बरेचदा या दोन प्रश्नांत होतो.

पहिला घोळ ‘पेनकिलर’ या शब्दातच आहे. या एका नावाखाली दोन अगदी वेगळे गट येतात. एक पॅरासिटामॉल. ते ताप उतरवतं, दुखणं कमी करतं, सूज मात्र फारशी उतरवत नाही. योग्य मात्रेत ते पोटाला आणि किडनीला बरंच सुरक्षित आहे. त्याचा धोका आहे यकृताला, आणि तोही मुख्यतः मात्रा ओलांडल्यावर. दुसरा गट सूज उतरवणाऱ्या गोळ्यांचा: आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, एसिक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन, मेफेनामिक ॲसिड, निमेसुलाइड, इटोरिकॉक्सिब आणि ॲस्पिरिनसुद्धा. जठर, किडनी, रक्तदाब, हृदय यांची काळजी करायची ती या गटासाठी. यात नेहमीच्या मात्रेतही नुकसान होऊ शकतं. निमेसुलाइडच्या बाबतीत तर यकृताच्या गंभीर दुखापतींमुळे फिनलंडने २००२ मध्ये आणि आयर्लंडने २००७ मध्ये विक्री थांबवली.

‘पेनकिलरने किडनी जाते’ हे सरसकट वाक्य मला घातक वाटतं. त्याच्या भीतीने ज्यांना पॅरासिटामॉल चाललं असतं ते तेही घेत नाहीत, आणि दुखणं सहन होईना की ‘साइड इफेक्ट नसलेली’ बिननावाची पूड घेतात. सांधेदुखीच्या अशा पुड्यांमध्ये डेक्सामेथासोनसारखं स्टिरॉइड किंवा डायक्लोफेनॅक मिसळलेलं वेळोवेळी सापडलं आहे. दोन दिवसांत चमत्कारासारखा आराम पडतो, मग चेहरा गोल होऊ लागतो, साखर वाढते, आणि पूड एकदम बंद केली तर बीपी कोसळण्यापर्यंत वेळ येऊ शकते. स्ट्रिपवर नाव आणि मिलिग्रॅम तरी छापलेले असतात. पुडीवर काहीच नसतं.

पॅरासिटामॉलची बेरीज

निरोगी, ५० किलोपेक्षा जास्त वजनाच्या प्रौढासाठी २४ तासांतली कमाल मर्यादा ४ ग्रॅम. म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या ८ गोळ्या किंवा ६५०च्या ६. दोन मात्रांमध्ये किमान ४ तास, शक्यतो ६. इथपर्यंत बऱ्याच जणांना माहीत असतं. चूक होते ती बेरजेत, कारण पॅरासिटामॉल एकाच गोळीत नसतं. सर्दीच्या जवळपास प्रत्येक मिश्र गोळीत ते असतं. एसिक्लोफेनॅक, डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, ट्रॅमाडॉल यांच्या जोड-गोळ्यांतही असतं.

एक साधं उदाहरण घ्या. सर्दीची गोळी दिवसातून तीनदा, प्रत्येकीत ५०० मिलिग्रॅम: १५००. तापासाठी ६५०ची गोळी चार वेळा: २६००. कंबर धरली म्हणून जोड-गोळी दोनदा, प्रत्येकीत ३२५: आणखी ६५०. एकूण ४७५०. घेणाऱ्याच्या मते त्याने सर्दीची, तापाची आणि कंबरेची अशी तीन वेगळी औषधं सांगितल्याप्रमाणे घेतली. यकृताला ते एकच औषध मिळालं, आणि मर्यादेपेक्षा पाऊण ग्रॅम जास्त. एक दिवस असं झालं तर धडधाकट माणसाला बहुधा काही होणार नाही. पण आठवडाभर दाढ दुखतेय, रोज दारू चालू आहे, तोंडात घास जात नाही अशा माणसाला होऊ शकतं.

ते का होतं, हे थोडं समजून घ्यावं. नेहमीच्या मात्रेतलं बहुतेक पॅरासिटामॉल यकृतात निरुपद्रवी रूपात बांधलं जाऊन लघवीवाटे निघून जातं. एक छोटा हिस्सा मात्र विषारी पदार्थात बदलतो. यकृतातलं ग्लुटाथायोन नावाचं द्रव्य त्याला लगेच निकामी करतं. मात्रा वाढली की नेहमीची वाट तुंबते, विषारी हिस्सा वाढतो आणि ग्लुटाथायोनचा साठा आटतो; मग यकृताच्या पेशी मरू लागतात. उपास, कुपोषण, लांबलेलं आजारपण यांत हा साठा आधीच कमी असतो. रोजची दारू, तसंच फिट्सवरची फेनिटॉइन, कार्बामॅझेपिन आणि टीबीवरचं रिफाम्पिसिन ही औषधं विषारी हिस्सा वाढवू शकतात. म्हणून ४ ग्रॅम हा आकडा सगळ्यांसाठी नाही. ४० किलो वजनाच्या वयस्कर व्यक्तीला किलोमागे एका वेळी १५ मिलिग्रॅम आणि दिवसाला ६० मिलिग्रॅम असा हिशोब धरावा: एका वेळी ६००, दिवसाला २४००च्या आत. दारू नियमित असेल किंवा यकृताचा आजार असेल, तर २ ग्रॅमच्या वर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नये.

पाण्यात फसफसणाऱ्या गोळ्यांबद्दल एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. ५००ची अशी एक गोळी साधारण ४०० मिलिग्रॅम सोडियम घेऊन येते, म्हणजे सुमारे १ ग्रॅम मीठ. दिवसाला आठ घेतल्या तर तीन ग्रॅमच्या वर सोडियम फक्त गोळ्यांतून जातं, तर जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस संपूर्ण दिवसासाठी २ ग्रॅमच्या आत राहण्याची आहे. ज्यांना बीपी किंवा हार्ट फेल्युअर आहे त्यांनी साधी गोळीच घ्यावी.

‘जेवणानंतर घेतली, मग पोटाला काय होणार?’

आता दुसरा गट. सूज आणि वेदना निर्माण करणारी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं या गोळ्या थांबवतात. अडचण अशी, की हीच द्रव्यं जठरात संरक्षक थर टिकवतात आणि तिथला रक्तपुरवठा राखतात. गोळी रक्तात गेली की तो बंदोबस्त सगळीकडून ढिला होतो. म्हणून इंजेक्शन घेतलं, गुदद्वारात ठेवायची सपोझिटरी वापरली किंवा आतड्यात विरघळणारं कोटिंग असलेली गोळी घेतली, तरी अल्सरचा धोका उरतोच. जेवणानंतर घेतल्याने जळजळ कमी वाटू शकते, पण अल्सर टळतो असं नाही. पित्ताचं पातळ औषध सोबत घेणं तर उलट फसवं ठरतं; ते जळजळ झाकतं आणि जखम तशीच राहते. ओमेप्राझोल, पँटोप्राझोल या गटातली गोळी जठराचं रक्षण बऱ्यापैकी करते, पुढच्या आतड्याचं करत नाही.

वय ६५च्या वर, पूर्वी अल्सर, स्टिरॉइड चालू, रक्त पातळ करणारी गोळी चालू, किंवा या गटातल्या दोन गोळ्या एकाच वेळी: यांतलं काहीही असेल तर स्वतःच्या मनाने ही गोळी घेऊच नये. आधी पोट दुखेल, मग थांबवू, हा भरवसा खोटा आहे. अनेकांत पहिलं लक्षण थेट रक्तस्रावच असतं: डांबरासारखी काळी, चिकट, उग्र वासाची शौच, किंवा कॉफीच्या गाळासारखी उलटी. लोहाच्या गोळीनेही शौच काळी होते, पण ती अशी चिकट आणि दुर्गंधी नसते. शंका असेल तर थांबू नका, त्याच दिवशी दाखवा.

दोन गोळ्या एकत्र घेण्याबद्दल अजून थोडं. आयब्युप्रोफेनचा वेदना कमी करणारा परिणाम एका वेळी साधारण ४०० मिलिग्रॅमला छताला टेकतो. त्यापुढे मात्रा वाढवून दुखणं फारसं जास्त कमी होत नाही, नुकसान मात्र वाढतच जातं. चिठ्ठीशिवाय घेताना दिवसाची मर्यादा १२०० मिलिग्रॅम. आयब्युप्रोफेनने भागलं नाही म्हणून त्यावर डायक्लोफेनॅक घेणं म्हणजे तेच कुलूप दुसऱ्या किल्लीने पुन्हा लावणं. आयब्युप्रोफेन आणि पॅरासिटामॉल ही जोडी मात्र वेगवेगळ्या वाटांनी काम करते, आणि दातदुखीसारख्या तीव्र दुखण्यात, ज्याला दोन्ही चालतात अशा माणसाला, ती एकट्या गोळीपेक्षा चांगली लागू पडते. आणखी एक घाई बरेच जण करतात. गोळी घेऊन अर्धा तास झाला, फरक नाही, म्हणून दुसरी. पोटातून घेतलेल्या गोळीला परिणाम दाखवायला अर्धा ते एक तास लागतोच.

बीपीची गोळी, लघवीची गोळी आणि वर पेनकिलर

फॅमिली प्रॅक्टिसमध्ये मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती या तिघींच्या भेटीची. किडनीच्या गाळणीत रक्त आणणारी बारीक धमनी प्रोस्टाग्लँडिनमुळे रुंद राहते. सूज उतरवणारी गोळी तिला आकसवते. रॅमिप्रिल, एनालाप्रिल, टेल्मिसार्टन, लोसार्टन या बीपीच्या गोळ्या गाळणीतून बाहेर नेणारी धमनी सैल करतात. आत येणारा नळ बारीक, बाहेर जाणारा मोकळा. गाळणीतला दाब पडतो. त्यात लघवी वाढवणाऱ्या औषधाने शरीरातलं पाणी कमी केलेलं असतं. एरवी किडनी कसाबसा तोल सांभाळते. जुलाब, उलट्या, ताप, कडक ऊन किंवा पाणी न पिता केलेला उपास आला की तो तोल जातो आणि एक-दोन दिवसांत क्रिएटिनिन चढतं. धोका सर्वांत जास्त असतो तो पेनकिलर सुरू केल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत.

इथेही बेरीज चुकते. टेल्मिसार्टन आणि लघवी वाढवणारं हायड्रोक्लोरोथायझाइड अनेकदा एकाच गोळीत असतात, त्यामुळे ‘मला बीपीची एकच गोळी आहे’ असं सांगणारा माणूस प्रत्यक्षात दोन औषधांवर असतो, आणि दुखण्याची गोळी तिसरी ठरते. आपल्या बीपीच्या स्ट्रिपवर किती नावं आहेत ते आज पाहून ठेवा. ज्यांना अशा गोळ्या चालू आहेत, किडनीचा आजार आहे किंवा हार्ट फेल्युअर आहे, त्यांनी दुखण्यासाठी पॅरासिटामॉलच घ्यावं. आणि उलट्या-जुलाबांच्या दिवसांत बीपीच्या गोळ्यांचं काय करायचं, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावं.

हृदयाचा धोका लोकांना कमी माहीत आहे. रोफेकॉक्सिब हे औषध हार्ट अटॅक आणि पक्षाघाताच्या वाढलेल्या धोक्यामुळे २००४ मध्ये जगभरातून मागे घेतलं गेलं. २०१५ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने ॲस्पिरिन सोडून या गटातल्या बाकी औषधांवरचा इशारा अधिक कडक केला: धोका वापराच्या पहिल्या काही आठवड्यांतच सुरू होऊ शकतो आणि मात्रेबरोबर वाढतो. त्याच वर्षी ब्रिटनने डायक्लोफेनॅकच्या पोटात घ्यायच्या गोळ्यांची चिठ्ठीशिवाय विक्री बंद केली. ज्याला एकदा अटॅक आला आहे किंवा स्टेंट बसवलेला आहे, त्याच्यासाठी कंबरदुखीची डायक्लोफेनॅक ही किरकोळ बाब नाही.

अशा माणसाला बहुधा रोजची लहान ॲस्पिरिनही चालू असते. आयब्युप्रोफेन तिची जागा अडवतं आणि रक्ताची गुठळी रोखण्याचा परिणाम कमी करतं. अगदीच घ्यावं लागलं तर साध्या ॲस्पिरिननंतर किमान अर्ध्या तासाने, किंवा ॲस्पिरिन घेण्याच्या ८ तासांहून अधिक आधी. कोटिंग असलेल्या ॲस्पिरिनला हे गणित लागू पडत नाही, तेव्हा टाळलेलंच बरं. रक्त पातळ करणाऱ्या वॉरफेरिन, क्लोपिडोग्रेल आणि नैराश्यावरच्या एसिटालोप्राम, सर्ट्रालिन यांसारख्या गोळ्यांबरोबर सूज उतरवणारी गोळी घेतली तर रक्तस्राव वाढतो. मानसिक आजारावरचं लिथियम आणि संधिवातावरचं मेथोट्रेक्सेट यांची रक्तातली पातळी चढू शकते. वॉरफेरिनवर असलेल्याने रोज पॅरासिटामॉल घेतलं तरी आयएनआर (रक्त किती पातळ झालंय याचं मोजमाप) वाढू शकतो, ती तपासणी लवकर करून घ्यावी.

दमा असलेल्या प्रौढांपैकी काहींना, विशेषतः नाकात पॉलिप (मऊ गाठी) असतील तर, ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन घेतल्यावर अर्ध्या ते तीन तासांत जोराचा दम लागतो. गर्भारपणात २० आठवड्यांनंतर सूज उतरवणाऱ्या गोळ्या टाळायच्या. बाळाच्या किडनीवर परिणाम होऊन गर्भजल कमी होतं, आणि शेवटच्या तिमाहीत बाळाच्या हृदयाजवळची एक आवश्यक रक्तवाहिनी वेळेआधी बंद होऊ शकते. रक्त गोठू नये म्हणून डॉक्टरांनी मुद्दाम दिलेली लहान ॲस्पिरिन यातून वेगळी. ती स्वतःहून बंद करू नका.

अंगदुखीचा ताप आला आणि निदान झालेलं नाही, तर फक्त पॅरासिटामॉल. डेंग्यूमध्ये प्लेटलेट घटतात आणि रक्तवाहिन्या झिरपतात. त्यात ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक रक्तस्रावाला हातभार लावतात. सांधे धरले म्हणून चिकुनगुनियाच असेल असं समजून डायक्लोफेनॅक घेण्याआधी डेंग्यू नाही याची खात्री हवी.

मुलांचं औषध मिलिलिटरमध्ये नव्हे, मिलिग्रॅममध्ये

पॅरासिटामॉल किलोमागे १५ मिलिग्रॅम, म्हणजे १० किलोच्या बाळाला एका वेळी १५०. बाटल्या मात्र सारख्या नसतात. थेंबांच्या बाटलीत साधारणपणे १ मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम असतं: १.५ मिलिलिटर द्यायचं. सिरप ५ मिलिलिटरमध्ये १२५ असेल तर ६ मिलिलिटर. २५०चं असेल तर ३. ‘बाळाला सहा एमएल द्यायचं’ एवढंच डोक्यात राहिलं आणि घरात २५०ची बाटली आली, की मात्रा दुप्पट. थेंबांच्या बाटलीतून सहा दिले तर चौपट. बाटली बदलली की लेबल वाचून हिशोब नव्याने मांडायचा, आणि चमच्याऐवजी सुई नसलेली सिरिंज वापरायची. दिवसाला चारपेक्षा जास्त मात्रा नकोत.

ॲस्पिरिन १६ वर्षांखालच्या मुलांना डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नाही. विषाणूजन्य तापात त्यातून रे सिंड्रोम हा यकृत आणि मेंदूचा दुर्मीळ पण जीवघेणा आजार होऊ शकतो. कांजिण्यांत आणि मूल पाणी पीत नसताना आयब्युप्रोफेन टाळा. तीन महिन्यांखालच्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस किंवा जास्त ताप असेल तर औषध देऊन वाट पाहायची नाही, लगेच दाखवायचं.

गोळीमुळेच दुखणारं डोकं

महिन्यात १५ किंवा जास्त दिवस साधी पेनकिलर, किंवा १० किंवा जास्त दिवस मिश्र गोळी, मायग्रेनवरचं ट्रिप्टान अथवा कोडीन-ट्रॅमाडॉलसारखं अफूच्या जातीचं औषध, असं तीन महिन्यांहून अधिक चाललं की डोकेदुखी औषधावरच पोसली जाऊ लागते. इथे गोळ्या नव्हे, दिवस मोजायचे. एका दिवशी चार घेतल्या तरी तो एकच दिवस. रोज अर्धी घेतली तरी तीस दिवस. मायग्रेन असलेल्यांत हे सर्वांत जास्त दिसतं. ओळखायची खूण: सकाळी उठतानाच डोकं जड, गोळीने दोन-चार तास बरं, मग परत. उपाय म्हणजे ती गोळी बंद करणं. बंद केल्यावर साधारण २ ते १० दिवस डोकेदुखी, मळमळ, झोपमोड वाढते, आणि नेमकं तिथेच लोक हार मानतात. म्हणून हे डॉक्टरांशी ठरवून, मायग्रेन रोखणारं औषध सोबत घेऊन करावं. कोडीन, ट्रॅमाडॉल असेल तर एकदम न तोडता हळूहळू कमी करावं लागतं.

काही दुखण्यांना गोळी देऊन घरी बसणं हीच चूक असते. श्रमाने येणारं छातीचं, जबड्याचं, डाव्या हाताचं दुखणं. गोळीनंतर थांबलं म्हणजे ते हृदयाचं नव्हतं असं सिद्ध होत नाही. मिनिटाभरात कळसाला पोचणारी डोकेदुखी. पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली डोकेदुखी, कानशिलाला हात लावला तरी दुखतं आणि चावताना जबडा भरून येतो. यात दृष्टी कायमची जाऊ शकते. कंबरदुखीबरोबर बसायची जागा बधिर होणं किंवा लघवी अडणं. बेंबीपासून सुरू होऊन उजवीकडे खाली सरकलेलं पोटदुखणं.

गुडघा, बोटांचे सांधे, मुरगळलेला घोटा यांसाठी डायक्लोफेनॅकचं जेल मला गोळीच्या आधी आठवतं. त्यातलं रक्तात जातं ते गोळीच्या मानाने फारच थोडं. लावल्यावर वरून शेक घेऊ नये, शोषण वाढतं. खोल असलेल्या कंबरेला त्याचा फारसा उपयोग नाही.

गोळी घ्यायचीच तर तारीख, वेळ, नाव, मिलिग्रॅम एवढं फोनमध्ये किंवा स्ट्रिपच्या खोक्यावर लिहा. स्ट्रिप कापून ठेवताना नाव आणि मुदत असलेला तुकडा शेवटपर्यंत राहू द्या. स्वतःच्या मनाने तापासाठी तीन दिवस, दुखण्यासाठी जास्तीत जास्त दहा. त्यापुढे कारण शोधायला हवं. डॉक्टरांकडे जाताना घरातल्या सगळ्या स्ट्रिपा, जेल आणि पुड्यांसकट, एका पिशवीत घालून न्या.

आणि पॅरासिटामॉल जास्त गेल्याची शंका आली, बेरीज चुकली म्हणून असो की कुणी मुद्दाम घेतलं म्हणून असो, तर लक्षणांची वाट पाहू नका. पहिल्या दिवशी थोडी मळमळ सोडली तर माणूस ठीकठाक दिसतो. उजव्या बरगडीखालचं दुखणं आणि कावीळ दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसते, तेव्हा यकृताचं बरंचसं नुकसान होऊन गेलेलं असतं. यावर एन-ॲसिटिलसिस्टीन हा उतारा आहे आणि तो पहिल्या ८ तासांत सुरू झाला तर सर्वांत चांगला लागू पडतो. उशिरानेही द्यायचा असतोच. घरी मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका. थेट मोठ्या रुग्णालयात जा. रिकाम्या स्ट्रिपा सोबत घ्या आणि गोळ्या किती वाजता, एकदम घेतल्या की दिवसभरात थोड्या थोड्या, हे सांगा. एकदम घेतल्या असतील तर ४ तासांनंतरच्या रक्तातल्या पातळीवरून उतारा द्यायचा की नाही हे ठरवता येतं. थोड्या थोड्या घेतल्या असतील तर त्या पातळीवर विसंबता येत नाही, आणि डॉक्टरांना ते माहीत असायला हवं.